वाफसा धरलेला डोंगर: हीप लीचिंग समजून घेताना आणि आखताना

मी नेमकं काय काम करतो हे आमच्या तात्यांना सांगायला मला कित्येक वर्षं जमलं नव्हतं. "सोन्याच्या खाणीत आहे" म्हटलं की ते बोगदा, कुदळ आणि डोक्यावरचा दिवा बघायचे. मग एका उन्हाळ्यात आखाड्यावर बाजेवर बसून मी सोपं करून सांगितलं. "तात्या, खाली शेततळ्याचा कागद अंथरायचा. त्यावर फोडलेल्या दगडाचा डोंगर रचायचा. डोंगरावर ठिबक टाकायचं. ठिबकातून औषधाचं पाणी सोडलं की ते झिरपत खाली येतं आणि येताना दगडातलं सोनं घेऊन येतं."

तात्यांनी तंबाखू मळता मळता एकच प्रश्न केला. "मग त्या डोंगराला वाफसा कसा ठेवता?"

रसायनशास्त्रात पदवी घेतलेली पोरं नोकरीच्या मुलाखतीला येतात, तेव्हा हा प्रश्न, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही कशी राखता हा, दहातला एक जण विचारतो. बाकीचे सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडची आणि तांबं विरघळवणाऱ्या आम्लाची समीकरणं म्हणून दाखवतात. समीकरणं बरोबर असतात, पण ढीग फसतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाणी कुठून गेलं, कुठं अडलं, वारा खेळला की नाही, यावर सगळं ठरतं. म्हणून हा लेख मी पाण्याच्या बाजूनं लिहितोय. ठिबक, शेततळं आणि काळी माती ज्यांच्या अंगवळणी आहे, त्यांना हा विषय पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर कळेल असं मला खरंच वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मराठवाड्यात हीप लीचिंग, म्हणजे तात्यांना सांगितलं तसं ढिगातून धातू विरघळवून काढणं, करण्यासारखं खनिज नाही. आपल्या पायाखाली जवळपास सगळीकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे, आणि त्यात सोनं शोधणं म्हणजे बाभळीला आंबे शोधणं. सर्वांत जवळची नावाजलेली सोन्याची खाण रायचूर जिल्ह्यातली हट्टी. एके काळी आपण आणि हट्टी एकाच निजामी राज्यात होतो. पण तिथंही दगड दळून टाक्यांत सायनाइडनं सोनं काढतात, ढीग रचत नाहीत. ढीग बघायचे तर नेवाडा, पेरू, चिली, तुर्कस्तान. हे तंत्र शिकून आपली पोरं तिकडं कामाला जातात, त्यांच्यासाठी हा लेख.

कोणता दगड चालतो

टाकीत लीचिंग करायचं तर दगड पिठासारखा दळावा लागतो आणि दळण्याला वीज लागते. एका टनात एक ग्रॅम किंवा त्याहून कमी सोनं असेल तर हा खर्च परवडत नाही. असा गरीब दगड १२ ते २५ मिलीमीटरपर्यंत फोडायचा, ढीग घालायचा आणि वेळ द्यायचा. टाकीतून ९० टक्के सोनं निघत असेल तर ढिगातून ६० ते ८० टक्के निघतं. उरलेलं सोडून द्यायची मनाची तयारी असली तरच या वाटेला जावं.

कल्पना जुनी आहे. स्पेनमधल्या रिओ टिंटोला अठराव्या शतकात तांब्याच्या दगडाच्या ढिगांवर पाणी सोडून तांबं काढत. सोन्यासाठी सायनाइड वापरायची पद्धत १८८७ ची. मोठ्या प्रमाणावर सोन्याचे ढीग रचायला सुरुवात मात्र १९६० च्या दशकाच्या शेवटी नेवाडात झाली.

तांब्याची हिरवी-निळी ऑक्साइड खनिजं, म्हणजे मॅलाकाइट, अझुराइट, क्रायसोकोला, पातळ सल्फ्युरिक आम्लात चांगली विरघळतात. चाल्कोसाइटसारखी गंधकवाली खनिजं हवा, फेरिक लोह आणि लोह खाऊन जगणारे जिवाणू असतील तर निघतात. त्यासाठी ढिगाखालून पंख्यानं हवा सोडतात आणि वर्षभर किंवा जास्त थांबतात. चाल्कोपायराइट मात्र साध्या ढिगात हट्टी आहे. त्याच्या अंगावर एक पापुद्रा धरतो आणि काम थांबतं.

आता दगडातली चुनखडी. आपल्या चुनखडीच्या रानाला खतं लागू होत नाहीत, तसलाच हा प्रकार. समजा दगडात ०.५ टक्के तांबं आहे, म्हणजे टनाला ५ किलो. एक किलो तांबं विरघळवायला साधारण १.५४ किलो आम्ल लागतं, म्हणजे टनाला ७.७ किलो. ते आम्ल पुढं तांबं काढताना परतही मिळतं. पण त्याच दगडात एक टक्का कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, असेल तर ते एकटंच टनाला ९.८ किलो आम्ल खातं आणि त्यातलं काही परत देत नाही. म्हणून खडकाच्या नमुन्यावर पहिल्या दिवशी आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते बघा. पाच पैशांची चाचणी आहे, पण तिनं प्रकल्प बंद झालेले आहेत.

सोन्याच्या दगडात उलटं. तिथं चुना चालतो, उलट तो आपण मुद्दाम घालतो. तिथले वैरी दोन: सायनाइड पिऊन टाकणारी तांब्याची खनिजं, आणि विरघळलेलं सोनं वाटेतच परत धरून ठेवणारा सेंद्रिय कार्बन.

आधी पाइपात, मग डोंगरावर

दगडाची पहिली परीक्षा बाटलीत होते. दळलेली भुकटी आणि द्रावण बाटलीत घालून दोन-चार दिवस फिरवत ठेवायचं. यातून जास्तीत जास्त किती धातू निघू शकतो आणि रसायन किती खपतं हे कळतं. ढीग कसा वागेल ते मात्र कळत नाही. त्यासाठी उभ्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, खऱ्या आकाराचा दगड भरून वरून थेंब थेंब द्रावण सोडतात आणि खाली आलेलं रोज तपासतात. नळीचा व्यास सर्वांत मोठ्या खड्याच्या निदान सहापट हवा, नाहीतर पाणी कडेकडेनं पळतं आणि आकडे खोटे येतात.

हे घरी करून बघता येतं, विषाशिवाय. माझी पुतणी लातूरला डिप्लोमा करते. तिला मी दिवाळीच्या सुटीत असा बिनविषारी कॉलम लावून दिला. ११० मिलीमीटरचा पीव्हीसी पाइप, दीड मीटर लांब. तळाला जाळी आणि मूठभर खडी. आत चाळून घेतलेला मुरूम, १७ मिलीमीटरखालचा, साधारण २० किलो, त्यात पाव किलो बारीक मीठ नीट मिसळलेलं. हे मीठ म्हणजे आमचं सोनं. वर सलाईनची बाटली उलटी टांगली. पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाला ताशी १० लिटर प्रति चौरस मीटर हा दर लावला तर ताशी ८५ मिलीलिटर होतात, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. खाली बरणी आणि हातात पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर.

पहिला थेंब खाली यायला जवळपास अख्खा दिवस गेला. पुतणीला वाटलं पाइप तुंबला. तुंबला नव्हता. कोरडा मुरूम आधी स्वतः पाणी पितो, मग पुढं सोडतो. पहिल्या बरणीचं पाणी इतकं खारट होतं की मीटर शेवटच्या आकड्याला जाऊन अडकला. पाणी दहापट पातळ करून मोजावं लागलं. नंतर खारटपणा झपाट्यानं उतरला आणि मग एक लांब, आळशी शेपूट उरलं. तो आलेख वहीत काढा. खऱ्या ढिगाचा आलेख असाच दिसतो: सुरुवातीला घसघशीत कमाई, नंतर महिनोन्‌महिने चिल्लर.

दुसऱ्या पाइपात आम्ही तोच मुरूम घेतला, पण पाचातला एक भाग रानातली काळी माती मिसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज आला. "काका, वर पाणी तुंबायलंय की!" मातीवर चार बोटं पाणी उभं होतं आणि खाली बरणी जवळपास कोरडी. मी म्हटलं, हेच तुझं पहिलं खरं निरीक्षण, यावर तारीख टाकून लिही.

कॉलममध्ये ७८ टक्के निघालं म्हणून ढिगातून ७८ निघेल असं कधी धरू नका. मी दोन ते पाच टक्के सरळ कापतो. आणि दिवसांपेक्षा दुसऱ्या आकड्यावर भर देतो: एक टन दगडातून किती टन पाणी गेलं. उंच ढिगाला दिवस जास्त लागतात, पण पाणी आणि दगड यांचं प्रमाण बऱ्यापैकी तेच राहतं.

मूठ वळून बघा

सायनाइड असो की जिवाणू, दोघांनाही हवेतला प्राणवायू लागतो. म्हणून ढीग पाण्यानं भरलेला नको, ओला हवा. खड्यांवर पाण्याची पातळ साय आणि मधल्या फटीत हवा. तात्यांचा वाफसा तो हाच. हिशेबात सांगायचं तर दगडाची पाणी वाहून नेण्याची क्षमता आपण सोडतो त्या पाण्याच्या निदान दहापट हवी, शंभरपट असेल तर मी निवांत झोपतो. ही क्षमता मोकळ्या दगडावर मोजून उपयोग नाही. वर ४० मीटर डोंगर बसल्यावर जेवढा भार येईल तेवढा देऊन मोजायची.

दगडात बारीक चुरा आणि चिकणमाती जास्त असली तर गोळी करावी लागते. फिरत्या ड्रममध्ये दगड, पाणी आणि बांधणारा पदार्थ एकत्र घोळवतात, म्हणजे बारीक कण मोठ्या खड्यांना चिकटून बसतात. सोन्याला सिमेंट, टनाला साधारण ३ ते १० किलो. तांब्याला सिमेंट चालत नाही, आम्ल ते खाऊन टाकतं. तिथं तीव्र आम्लच घालून घोळवतात आणि दोन-तीन दिवस मुरू देतात. पाणी किती घालायचं हे प्रयोगशाळा सांगते, साधारण ८ ते १२ टक्के. पण ड्रमपाशी उभा राहणारा अनुभवी माणूस हातमोजा घालून मूठ वळतो. मूठ उघडल्यावर गोळा टिकला, बोटानं टोचल्यावर फुटला आणि मोज्यावर ओलसर डाग राहिला तर बरोबर. पाणी पिळून निघालं तर जास्त, भुकटी उडाली तर कमी. पेरणीआधी आपल्याकडं मातीची हीच परीक्षा घेतात.

मी तरुण असताना एका ठिकाणी ही पायरी गाळली. खाणीचं नाव सांगत नाही, परदेशात होती. कॉलम चांगले चालले होते, सिमेंटचा खर्च वाचवायचा होता, आणि साहेबांना आकडा दाखवायची घाई मला स्वतःलाच जास्त होती. कॉलमसाठी घेतलेला दगड वरच्या कोरड्या भागातला होता, ढिगावर आलेला मात्र खालच्या चिकणमातीच्या पट्ट्यातला. दोन महिन्यांनी ढिगाच्या उतारावर मधेच ओल फुटली, विहिरीच्या कडेतून पाझर फुटतो तशी. आत मातीच्या थरावर पाणी अडलं होतं आणि आडवं निघालं होतं. त्याखालचा दगड कोरडा ठणठणीत. तेवढा भाग उपसून, गोळी करून पुन्हा रचावा लागला. सिमेंटचे वाचवलेले पैसे एका आठवड्याच्या डिझेलमध्ये गेले.

रचण्याबद्दल एक पाहणी. मुरमाची ट्रॉली बांधावरून उलटी केली की मोठे दगड गडगडत तळाला जातात आणि बारीक वर राहतं. डंपरनं ढीग रचला की हेच होतं. शिवाय डंपरच्या चाकांनी वरचा थर दाबून रस्ता होतो. सरकत्या पट्ट्यानं, मागं मागं येत रचलं तर दोन्ही त्रास कमी. डंपरशिवाय इलाज नसेल तर पाणी सोडण्याआधी डोझरच्या नांगरानं वरचा मीटर-दीड मीटर उभा-आडवा उकरून घ्या. न नांगरलेल्या रस्त्यावर ठिबक पसरणं म्हणजे गाडीवाटेवर पेरणी.

एका थराची उंची ६ ते १० मीटर. एक थर पिळून झाला की त्यावरच दुसरा. असा डोंगर वर चढतो.

कागद

आपल्या शेततळ्याचा कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलीमीटर. ढिगाखाली दीड ते दोन मिलीमीटरचा एचडीपीई प्लास्टिकचा किंवा त्याचा जास्त लवचीक भाऊ एलएलडीपीईचा. शंभर मीटर उंच ढिगाखाली प्रत्येक चौरस मीटरवर १६० टन भार येतो हे लक्षात घेतलं तर चौपट जाडी जास्त वाटणार नाही.

कागद एकटा पुरत नाही. त्याच्याखाली दाबून बसवलेल्या चिकणमातीचा सुमारे ३०० मिलीमीटरचा थर असतो, ज्यातून पाणी वर्षाला फूटभरही सरकू नये. कागदाला भोक पडलं तर ही माती त्या भोकाला खालून दाबून धरते. इथं आपल्याकडचा माणूस लगेच म्हणेल, मग काळी माती भारीच की. नाही. ओली असताना ती पाणी अडवते, पण वाळली की तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात, फुगते, आकसते, आणि भाराखाली साबणासारखी घसरते. पॅडच्या, म्हणजे ढिगाखालच्या तळाच्या, जागेवर काळी माती असेल तर ती पूर्ण उकरून बाजूला काढा.

कागदावर ६०० मिलीमीटरच्या आसपास स्वच्छ चाळलेली खडी, आणि खडीत भोकं असलेले नालीदार पाइप, दर काही मीटरवर एक. हे पाइप पाणी चटकन बाहेर नेतात. कागदावर पाणी साठू न देणं हा सगळ्या डिझाइनचा कणा आहे. पाण्याची उंची जितकी जास्त तितकी गळती जास्त आणि घसरण्याचा धोकाही जास्त. पॅडला एक ते पाच टक्के उतार द्या, तळ्याकडे.

प्रत्येक सांधा वितळवून जोडायचा, हवा भरून तपासायचा आणि नोंदवहीत लिहायचा. अंथरणाऱ्या गड्यांच्या बुटात खिळा नको आणि हातात पेटती विडी नको. शेततळ्याच्या कागदाला उंदीर आणि कुत्र्याच्या नखांनी पडलेली भोकं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना हे पटवावं लागत नाही.

आकडेमोड

आता एक ढीग कागदावर आखू. सोन्याचा दगड, दिवसाला ३,००० टन, टनाला ०.८ ग्रॅम सोनं. थर ८ मीटर, रचलेल्या दगडाची घनता घनमीटरला १.६ टन, पाणी सोडण्याचा काळ ९० दिवस, दर ताशी १० लिटर प्रति चौरस मीटर.

एका वेळी पाण्याखाली असलेला दगड ३,००० गुणिले ९०, म्हणजे २,७०,००० टन. एका चौरस मीटरवर ८ गुणिले १.६, म्हणजे १२.८ टन दगड. भागाकार केला की क्षेत्र येतं सुमारे २१,१०० चौरस मीटर, सव्वापाच एकराच्या आसपास. त्यावर ताशी १० लिटर म्हणजे ताशी २११ घनमीटर, दिवसाला ५,०६४ घनमीटर पाणी. ९० दिवसांत एका चौरस मीटरवर २१.६ टन पाणी पडतं, १२.८ टन दगडाला. प्रमाण १.७. कॉलमनं १.७ ला पुरेसं सोनं दिलं नसेल तर दिवस वाढवा, म्हणजे क्षेत्रही वाढेल.

सत्तर टक्के निघालं तर दिवसाला १,६८० ग्रॅम सोनं, ५,०६४ घनमीटर पाण्यात. एका घनमीटरला ०.३३ ग्रॅम. हजार लिटरमागं तांदळाच्या काही दाण्यांएवढं वजन, आणि यावर कारखाना चालतो.

ठिबक: ताशी २ लिटरचे ड्रिपर ४५ सेंटीमीटरवर उभे-आडवे लावले की दर येतो ९.९. उसाला आपण असं ठिबक दिवसातून तास-दोन तास चालवतो, इथं चोवीस तास. ताशी १० मिलीमीटर म्हणजे दिवसाला २४० मिलीमीटर पाऊस. मराठवाड्यात अख्ख्या वर्षात सरासरी सुमारे ७०० मिलीमीटर पडतो. तेवढा त्या ढिगावर तीन दिवसांत.

पंप: वीस-पंचवीस टक्के राखीव धरून ताशी २६० घनमीटर. ४० मीटर ढीग, ठिबकाचा दाब आणि पाइपातलं घर्षण मिळून ६५ मीटर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, धरलं, आणि कार्यक्षमता ७० टक्के, तर सुमारे ९० एचपी लागतात. असे दोन बसवा, एक चालू आणि एक हाताशी.

ड्रिपर चुन्यानं तुंबतात तेव्हा शेतात आपण पाइपात आम्ल सोडतो. सोन्याच्या ढिगात हे कधीही, कुणीही, चुकूनही करायचं नाही. सायनाइडच्या पाण्यात आम्ल म्हणजे हायड्रोजन सायनाइड वायू. तिथं चुना साचू न देणारं रसायन आधीपासून थोडं थोडं सोडतात, आणि तुंबलेली नळी काढून नवी टाकतात.

तळी, आणि मराठवाड्याचा पाऊस

ढिगाखालून येणारं धातूचं पाणी इंग्रजीत प्रेग्नंट आणि धातू काढून घेतलेलं बॅरन. मी मराठी पोरांना गाभण आणि भाकड असंच शिकवलं, आणि ते एकदाही विसरले नाहीत. गाभण पाण्याचं एक तळं, भाकडाचं एक, आणि तिसरं मोकळं, आपत्तीसाठी. भाकडात पुन्हा सायनाइड आणि चुना घालून ते वर पाठवायचं. पाणी फिरत राहतं.

फिरत राहतं, तरी खपतं. दगड येतो ३ टक्के ओल घेऊन आणि निथळल्यावरही ९ टक्के धरून ठेवतो. दिवसाला ३,००० टनांचे ६ टक्के म्हणजे १८० घनमीटर. वर बाष्पीभवन, ठिबक असेल तर फिरत्या पाण्याच्या ३ टक्के धरू, १५० घनमीटर. एकूण ३३०, म्हणजे दहा हजार लिटरचे ३३ टँकर, रोज. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पुढं ती ५० डब्यांची झाली तेव्हा एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर आणायची. आपल्या या छोट्या ढिगाला एक खेप आठवडाभर पुरेल. कोरड्या मुलखात प्रकल्पाचा पहिला प्रश्न सोन्याचा नसून या ३३ टँकरचा असतो. ड्रिपर वीतभर दगडाखाली पुरले तर बाष्पीभवन बरंच कमी होतं.

उलट बाजू त्याहून घातक. लाइट गेली आणि पंप थांबला तरी ढीग थांबत नाही, आतलं पाणी निथळत राहतं. पहिल्या दिवसाचं जवळपास पूर्ण ५,००० घनमीटर तळ्यात येणार असं धरा. त्यावर पाऊस. आपल्याकडचा पाऊस सरासरीनं मोजणाऱ्याची फजिती होते. आठ महिने आभाळाकडं बघायचं आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडं झालं तसं रान खरवडून जायचं. कागद घातलेलं एकूण क्षेत्र १० हेक्टर आणि एका दिवसात २०० मिलीमीटर धरले तर २०,००० घनमीटर. रोजच्या कामाचे २,००० मिळवले की एकूण २७,००० घनमीटर, वर मीटरभर मोकळी कड. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात साधारण २,००० घनमीटर मावतं, म्हणजे अशी तेरा-चौदा शेततळी, जी बहुतेक वर्षं रिकामीच राहिली पाहिजेत. हिशेबनीस दरवर्षी विचारतो, हा रिकामा खड्डा कशाला. त्याला वहीतलं हे पान दाखवा.

अमेरिकेत कोलोराडोतल्या समिटव्हिलला पाण्याचाच हिशेब चुकला. येणारं पाणी उडून जाणाऱ्यापेक्षा जास्त निघालं, कागदही गळला. डिसेंबर १९९२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सायनाइडनं भरलेला ढीग सरकारच्या गळ्यात पडला. अलामोसा नदीची नासाडी झाली ती वेगळीच.

तळी दुहेरी कागदाची करा, दोन कागदांच्या मध्ये जाळी आणि एक खड्डा. त्या खड्ड्यात पाणी दिसलं की वरचा कागद फाटला. रोज सकाळी बघायचं, चहाच्या आधी.

सायनाइडशी वागणूक

द्रावणात सायनाइड फार नसतं, लिटरला ०.२ ते ०.५ ग्रॅम. पीएच १० च्या वर, शक्यतो साडेदहाच्या आसपास. पीएच सव्वानऊपर्यंत उतरला की निम्मं सायनाइड वायूच्या रूपात जातं, आणि त्या वायूचा उत्कलनबिंदू २६ अंशाच्या जवळ आहे. बेचाळीस अंशाच्या दुपारी याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. कडू बदामाच्या वासावर विसंबू नका, अनेकांना तो येतच नाही. कमरेला मोजणारं यंत्र, कधीच एकटं काम नाही, आणि उतारा जवळच्या दवाखान्यात आधीच ठेवलेला. तळ्यावर जाळी किंवा तरंगते चेंडू हवेत, नाहीतर तहानलेली पाखरं उतरतात.

मोबाइलच्या सर्किटमधून घरी सोनं काढायच्या चित्रफिती बघून कुणी सायनाइड शोधत असेल तर त्याला तिथंच अडवा. हे परवान्याचं, पर्यावरण मंजुरीचं आणि प्रशिक्षित माणसांचं काम आहे.

पाण्यातून धातू

हा भाग यंत्रांचा आहे आणि तयार मिळतो, म्हणून थोडक्यात. सोन्याचं गाभण पाणी नारळाच्या करवंटीच्या कोळशातून जातं, कोळसा सोनं धरतो, मग ते गरम क्षारीय द्रावणानं सोडवून विजेनं जमा करतात. चांदी जास्त असेल तर जस्ताची भुकटी बरी. तांब्यासाठी रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं रसायन पाण्यातलं तांबं उचलतं, दुसऱ्या टाकीत सोडतं, आणि विजेनं ९९.९९ टक्के शुद्ध पत्रा बनतो. आम्ल मोकळं होऊन परत ढिगावर जातं. रसायन आणि विजेची ही जोडी व्यापारी तत्त्वावर पहिल्यांदा १९६८ मध्ये अ‍ॅरिझोनात चालली.

डोंगर घसरतो तेव्हा

१३ फेब्रुवारी २०२४, तुर्कस्तानातली चॉप्लर खाण. ढीग घसरला आणि नऊ कामगार त्याखाली गेले. त्याच वर्षी २४ जूनला कॅनडातल्या युकॉनमध्ये ईगल खाणीचा ढीग फुटला आणि सायनाइडचं पाणी बाहेर पडलं. हे तंत्र जुनं आणि सरावाचं असल्यामुळे माणसं ढिलावतात.

सुटा दगड आपण होऊन ३६ ते ३८ अंशांवर उभा राहतो. एकूण उतार त्यापेक्षा बराच कमी ठेवा. आडवे दोन ते अडीच मीटर गेल्यावर उभा एक मीटर, आणि प्रत्येक थराला आत पायरी. सर्वांत कमजोर जागा कागदाची: गुळगुळीत कागदावर ओली माती. म्हणून उताराच्या पायथ्याला खरबरीत कागद वापरतात आणि पहिला थर नेहमी खालच्या बाजूनं वर रचतात, म्हणजे पायथा आधीच जड असतो. ढिगात पाण्याची पातळी मोजणारे दाबमापक बसवा. पातळी चढली तर आधी ठिबक बंद, मग चर्चा. उतारावर भेग, पायथ्याला फुगवटा किंवा मधेच ओल दिसली की खालची माणसं हलवायची. ती भेग साधीच निघाली तर एक दिवस गेला, एवढंच.

सोनं संपल्यावर

शेवटचा थर पिळून झाला की ताजं सायनाइड बंद करून साधं पाणी फिरवतात, हवेनं आणि रसायनानं उरलेलं सायनाइड मोडतात, आणि निघणारं पाणी नियमात बसेपर्यंत हे चालू राहतं. मग उतार सपाट करून वर माती आणि गवत. तांब्याच्या गंधकवाल्या ढिगाला आत नवं आम्ल तयार होत राहण्याचा त्रास असतो, म्हणून त्यावरचं झाकण पाणी आणि हवा दोन्ही अडवणारं लागतं.

ढीग लगेच कोरडा होत नाही. निथळणं आधी झपाट्यानं कमी होतं आणि मग वर्षानुवर्षं बारीक धार चालू राहते, पुतणीच्या आलेखातल्या त्या आळशी शेपटासारखी. त्या धारेसाठी पंप, तळं आणि रोज सकाळी जाऊन बघणारा एक माणूस लागतो. त्याच्या पगाराची तरतूद पहिला दगड फोडायच्या आधी बँकेत ठेवलेली असावी, कारण ढिगाची कमाई तेव्हा बंद झालेली असते.

पुतणीचा काळ्या मातीचा पाइप अजून अंगणात उभा आहे. तात्यांनी परवा त्यात काठी खुपसली, बाहेर काढून चिखल बघितला आणि म्हणाले, "यात शेणखत घाला."

मी म्हटलं, "तात्या, सिमेंट."


"तेच ते," ते म्हणाले.